भोक पडलेला डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. माझ्या तळव्याला आरपार भोक आहे आणि मला आजवर कोणी पायात घातलेलं नाही. तरीही मित्रांनो, या कारखान्यात माझ्याइतका मान कुणालाच नाही.

मला दादांनी शिवलं. लहानसा कारखाना त्यांचाच. पण काम आटत चाललं होतं. अशात परदेशातल्या एका व्यापाऱ्याने नमुना मागवला. शुक्रवारी तो निवड करणार होता. पसंती मिळाली तर वर्षभराचं काम, नाहीतर कारखान्याला कुलूप. बोटीने जायला महिना लागला असता, म्हणून विमानाचं कुरिअर ठरलं.

नमुन्याचा बूट एकटाच पाठवतात. एकटा बूट विकता येत नाही, त्यामुळे जकातीची कटकट नसते. दादांच्या आईला हे कुठे ठाऊक! खोका चिकटवण्याआधी तिने माझ्या उजव्या भावालाही हळूच आत सरकवलं.

आम्ही भुर्रकन परदेशात पोचलो आणि विमानतळावरच अडकलो. कुरिअरच्या बाईंचा दादांना फोन आला, ते बोलणं मला मागाहून कळलं. "अहो, कागदावर नमुना लिहिलंय आणि आत जोडी आहे! जकात भरायची तर आठवडा जाईल."

"जोडी?" दादांनी आईकडे पाहिलं.

"मग काय! एका बुटात त्या माणसाने लंगडी घालायची का?" आई म्हणाली.

"एक उपाय आहे," बाई म्हणाल्या. "एका बुटाच्या तळव्याला भोक पाडू द्या. मग जोडी विकण्याजोगी राहत नाही. लगेच सोडतील."

आपल्या हातच्या कामाला भोक! "पाडा," दादा म्हणाले.

दुखलं, खोटं कशाला सांगू? पण शुक्रवारी कुरिअरचा माणूस आम्हाला घेऊन धावतच जिना चढला. व्यापाऱ्याने मला उलटं केलं आणि भोकातून आत डोकावला. स्वस्त बुटांत असते तशी पुठ्ठ्याची भर कुठेच नव्हती, थरावर थर नुसतं चामडं. टेबलावरच्या बाकीच्या नमुन्यांकडे मग त्याने पाहिलंच नाही.

भावाला त्याने ठेवून घेतलं आणि मला परत पाठवलं, 'माल असाच हवा' असा निरोप देऊन. तेव्हापासून इथून निघणारा बूट माझ्याशी ताडून पाहतात आणि तिथे उतरणारा भावाशी. आम्ही दोघे दोन टोकांना खंबीर उभे आहोत. त्याची आठवण मात्र येते.

आता माझं चामडं सुरकुतलंय. परवा एक नवा कारागीर माझं भोक बुजवायला निघाला, तर आई केवढ्यानं ओरडली! मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचा हात लावा, उन्हात टाकू नका. भोक तेवढं राहू द्या. कोणीही यावं आणि डोकावून पाहावं, माझ्या आत लपवण्यासारखं काही नाही.