बाजाराच्या दिवशीची ग्रामसभा

आमचे सरपंच रामकिसन अण्णा यांना ग्रामसभा घ्यायची भारी हौस. फक्त सभेला माणसं आलेली त्यांना खपत नसत. म्हणून सभा ठेवायची ती वाटूरच्या बाजाराच्या दिवशी. गाव बाजाराला गेलेलं असायचं, माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब व्हायची. आणि तहकूब सभेला माणसं मोजावी लागत नाहीत. थोड्या वेळानं तेच चार जण पुन्हा बसायचे, चहा प्यायचे आणि गावाच्या नावानं काय वाट्टेल ते मंजूर करायचे. सगळं कसं कायद्यात.

पंचाहत्तर साली अण्णांनी याच वाटेनं गावचा पाझर तलाव देऊन टाकायचं ठरवलं. रस्त्याकडेला जालन्याच्या एका शेटजींची तेलाची गिरणी उभी राहत होती, तिला पाणी हवं होतं. बदल्यात शेटजी वेशीवर संगमरवरी कमान बांधणार होते. तहानलेल्या गावाला कमान! अण्णांची अक्कल तेवढीच.

तलाव झाला होता दुष्काळी कामावर. बौद्धवाड्यातल्या कांताबाईनं तिथं उन्हाळाभर माती वाहिली होती. तलावाखालीच तिचं थोडं रान. पाझरामुळे तिच्या विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी राहू लागलं, आणि जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेली ही बाई स्वतःची वांगी, मेथी विकू लागली. तलावाला पाईप लागला की विहीर कोरडी आणि कांताबाई परत रोजानं. याचीच तिला भीती वाटत होती.

तलावाच्या सभेची दवंडी ऐकली तशी ती खैरुनबीकडे गेली. खैरुनबी बांगड्या विकायची. बाजारात दोघींची पालं शेजारी.

"सभेपायी ह्यो बाजार बुडवावा लागतो बाई," कांताबाई म्हणाली.

"बुडवायचा कायकू?" खैरुनबी म्हणाली. "बाजारच हितं मांडू की."

त्या दिवशी सकाळी पंचायतीच्या पटांगणात पालं पडली. वांगी, मिरच्या, बांगड्या, साळूबाई कुंभारणीची गाडगी-मडकी. वाटूरला निघालेली माणसं तिथंच अडकली. दारात ताजी भाजी मिळत असताना पायपीट कोण करतो? अण्णा शेटजींना घेऊन आले तेव्हा ओट्यापर्यंत जायला वाट नव्हती.

"हे काय लावलंय?"

"बाजार," कांताबाई म्हणाली. "तुमी सभा घ्या अण्णा. आमी बसल्या जागी ऐकून राह्यलो."

ग्रामसेवकानं माणसं मोजली आणि अण्णांकडे पाहिलं. तहकूब करायला कारण उरलं नव्हतं. अण्णांचा तो चेहरा बघायला मी आणखी चार बाजार बुडवले असते.

अण्णांनी कमानीचं गुणगान केलं. कांताबाई तराजू खाली ठेवून उठली.

"शेटजी, कमान चांगलीच असंल. पर तिच्यातून पानी पाझरत न्हाई. तळं आमी खांदलंय, देनार न्हाई."

"मंग गिरणी बंद ठेवायची का?" अण्णा चिडले. "पोरान्ला काम मिळून राह्यलंय, ते दिसंना?"

"दिसतंय की. माझा पोरगा पुंजारामबी लागनार हाय तिथं. गिरणी खुशाल चालावी. शेटजीनं आपल्या माळावर आपलं तळं करावं. खांदायला आमी येतो, रोज बराबर द्या."

शेटजी व्यापारी माणूस, वारा ओळखणारा. त्यांनी विचारलं, "कमानीच्या खर्चात तळं होतं का?"

"व्हतंय," पटांगणातून पाच-सहा आवाज आले.

पण अण्णा हट्टाला पेटले. "ते मागून बघू. आधी माझा ठराव. तळं गिरणीला द्यायचं, ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करा."

नेहमीच्या चौघांचेही हात मांडीवरच राहिले. अण्णांची नजर फिरत फिरत मेथी घ्यायला आलेल्या झुंबरबाईंवर थांबली. त्या अण्णांच्या घरच्या. निदान घरचा तरी हात वर जाईल, असं त्यांना वाटलं असावं.

झुंबरबाईंनी पदर सावरला. "त्या तळ्यावर मीबी टोपली उचललीय," त्या म्हणाल्या. "घरात दाना नव्हता तवा. तुमी माझ्या पुढंच माती खांदत व्हता."

पटांगणात कुणी हसलं नाही. अण्णांनी ठरावाचा कागद दुमडून खिशात घातला. मग ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा. तळं गावाचं."