धबधब्याचं कॅलेंडर

तळोद्याच्या प्रेमचंद फोटोवाल्यांनी जन्मभर माणसांचेच फोटो काढले, तेही खुर्चीवर बसवून. पण एकसष्ट साली तेलगिरणीचे गिरधरशेठ म्हणाले, "यंदा कॅलेंडरवर देव नको. धडगावकडचा धबधबा पाहिजे."

प्रेमचंदांनी तयारी केली. कॅमेऱ्याची लाकडी तिपाई, काळं कापड, छत्री आणि दोन लेन्स. आखूड लेन्समध्ये अख्खं वऱ्हाड मावायचं. लांब लेन्स सुरतेहून आणलेली; तिच्यातून समोरच्या गच्चीवरचा कावळा अंगावर आल्यासारखा दिसे. बायको रंजनाबाई म्हणाल्या, "मीबी संगे येस." बॅग त्यांनीच भरली.

लाकूड आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून दोघं घाट चढून गेले. धबधब्यासमोर प्रेमचंदांनी आधी लांब लेन्स लावली. एक दगड आणि थोडा फेस दिसला.

"आखूड दे."

रंजनाबाईंनी बॅगेतून लोणच्याची बरणी काढली. "ती घरच ऱ्हायनी. बॅगमा जागा कोठे व्हती?"

प्रेमचंद तिपाई खांद्यावर टाकून मागे सरकू लागले. दगडांवरून, बांबूतून, समोरचा चढ चढून. दर थोड्या वेळानं काळ्या कापडाखाली डोकं घालायचे आणि चिडून बाहेर यायचे. शेवटी धबधबा पुरता मावला, तेव्हा आभाळ भरून आलं होतं. उजेड कमी, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. रंजनाबाईंनी कॅमेऱ्यावर छत्री धरली. प्रेमचंद सवयीनं धबधब्याला म्हणाले, "हलायचं नाही हं!"

रंजनाबाई इतक्या हसल्या, की छत्री हलली. तिपाई मात्र हलली नाही.

फोटोत दगड लख्ख आले, पाणी मात्र वितळून सलग पांढरं झालं. प्रेमचंदांना तो आपला सर्वांत सुंदर फोटो वाटला.

गिरधरशेठनी फोटो उजेडात धरला. "प्रेमचंदभाई, धोतर वाळत टाकेल शे का?"

"पाणी आहे, शेठ. वाहतं पाणी असंच येतं."

"मन्हा तेलना कॅलेंडरवर धोतर नको."

प्रेमचंद त्या दिवशी जेवले नाहीत. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. रंजनाबाईंनी तो सरळ केला, आणि कापडवाले उखाशेठ स्वतःचा फोटो काढून घ्यायला आले तेव्हा त्यांना दिसला.

"हाई कोणत्या गिरणीनं धोतर शे?"

"धबधबा आहे," प्रेमचंद ओरडलेच.

"असू द्या. मन्हा दुकानना कॅलेंडरले पाहिजे."

आतून रंजनाबाई म्हणाल्या, "द्या, द्या!"

दिवाळीला ते कॅलेंडर घरोघर लागलं. प्रेमचंद भेटेल त्याला समजावत, की हा धबधबा आहे. लोक मान डोलवत आणि धोतरजोडीचा भाव विचारत.

मग एका बाजारच्या दिवशी डोंगरातला रूपसिंग पावरा उखाशेठच्या दुकानात कापड घ्यायला आला आणि कॅलेंडरसमोरच थांबला. "हाई तर आमनं पानी शे," तो म्हणाला. "त्या दगडवर मी कपडा धोस."

प्रेमचंद शेजारीच उभे होते. त्यांनी त्याचा हात धरला आणि चहाला घरी नेलं. रंजनाबाईंनी भजी तळली. रूपसिंगला कापड घ्यायचं होतं, पण प्रेमचंद त्याला उठू देईनात.