जनकाबाईंचा अभिप्राय

जवळा बाजारच्या मैदानावर कबड्डी असली की जनकाबाई पाईकराव गुणफलकाच्या बाजूला, पुढच्या रांगेत बसायच्या. ती जागा त्यांना कुणी नेमून दिली नव्हती. तीस वर्षं त्या तिथंच बसत आल्या म्हणून लोकांनी ती त्यांची मानली होती. लेक दीक्षा जिल्ह्याच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळायची तेव्हा लोक म्हणायचे, पोरीच्या मायेनं येतात. पुढं दीक्षा पोलिसात लागली, नांदेडला गेली, तिचा खेळ सुटून पाच वर्षं झाली, तरी जनकाबाईंचं येणं काही सुटलं नाही. शाळेतली खिचडी शिजवायची, पातेली घासायची, दोन वाजता पदराला हात पुसत थेट मैदान गाठायचं. त्या स्वतः एकदाही खेळल्या नव्हत्या. त्यांच्या काळात बायांनी मैदानात उतरायची रीतच नव्हती. पण कोणत्या पोरीची पकड कशी आणि कुणाचा दम कितव्या मिनिटाला तुटतो, हे त्यांना पंचांपेक्षा आधी कळायचं.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. जनकाबाई शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या आणि देविदास राठोड आले. देविदास जवळच्या तांड्यावरचे. तरुणपणी चढाईला नावाजलेले, आता सामन्यांना माईकवर तेच बोलायचे. आज त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आक्का, प्रांतिक कबड्डी मंडळानं कागद काढलाय. धोरणात्मक आढावा म्हणे. बासष्ट पानं."

"काय म्हणणं हाय त्यांचं?"

"मातीवरच्या स्पर्धांची मान्यता जाणार. पुढं सगळं मॅटवर. आन् ज्या जिल्ह्याला प्रेक्षक न्हाईत, त्याचा संघ बंद. आपल्या पोरींनी निवडीसाठी संभाजीनगरला जायचं. बंद करायच्या यादीत आपलं हिंगोली हाय."

जनकाबाईंचा हात सुपात थांबला. "आपल्याला प्रेक्षक न्हाईत? कुणी मोजले?"

"तिकिटावरून मोजले. आपल्याकडं तिकीट कुठं असतंय? म्हणून आपल्या नावापुढं शून्य."

मागच्या जानेवारीत अंतिम सामन्याला लोक शाळेच्या भिंतीवर, ट्रॅक्टरवर, बाभळीच्या फांदीवर बसले होते. तेवढ्या सगळ्यांचं शून्य झालं होतं. उरलेले तांदूळ जनकाबाईंनी निवडले, पण खडे तसेच राहिले आणि त्या दिवशी लेकरांच्या दाताखाली आले.

दोन दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नुसता जाळ झाला. कुणी मंडळाला शिव्या दिल्या, कुणी पदाधिकाऱ्यांचे फोटो उलटे लावले. देविदासांनी ठरवलं की आढाव्याच्या प्रती वारंगा फाट्यावर जाळायच्या आणि रस्ता अडवायचा. पन्नास-साठ पोरं तयार झाली.

"जाळल्यानं ते शून्य पुसतंय का?" जनकाबाईंनी विचारलं.

"मग काय करावं?"

"ते मोजायला चुकले. आपण मोजून देऊ."

देविदासांनी रस्ता अडवायचा बेत सोडला. संध्याकाळी जनकाबाईंनी दीक्षाला फोन लावला. आढाव्यावर लोकांनी आपला अभिप्राय एकवीस दिवसांत द्यायचा होता आणि तो मोबाइलवर भरायचा होता. पण तिकिटाचा क्रमांक टाकल्याशिवाय फॉर्म पुढंच सरकत नव्हता. दीक्षानं बासष्ट पानं शेवटपर्यंत वाचली आणि पुन्हा फोन केला.

"माय, शेवटच्या पानावर लिहिलंय. लेखी अभिप्राय सुनावणीच्या दिवशी हातोहात देता येतो. परभणी, नांदेड आणि हिंगोलीची सुनावणी वसमतला आहे, चौदा तारखेला."

"हातोहात म्हणजे मी दिला तरी चालतंय ना?"

"कुणीही दिला तरी चालतो. पण तिथं मोठमोठे लोक असतील, माय."

"असू दे. त्यांना काय खायचंय का मला?"

जनकाबाईंनी शाळेतल्या गुरुजींकडून आखीव कागद घेतले आणि वर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: आम्ही कबड्डीचे प्रेक्षक आहोत. आमची माती राहू द्या. आमच्या जिल्ह्याचा संघ बंद करू नका. खाली नाव, गाव आणि सहीसाठी रकाने आखले. मग त्यांना वाटलं, नुसत्या सह्या तर कुणीही गोळा करतं. म्हणून त्यांनी आणखी एक रकाना ओढला. तुम्हाला आठवणारा एक सामना.

त्या रकान्यानं त्यांचं काम तिपटीनं वाढवलं. आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या भिकाबाईंनी अर्धा तास घेतला. कळमनुरीच्या एका पोरीनं तिघींना फरफटत मध्यरेषेपर्यंत कसं नेलं, ते त्यांनी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून सांगितलं आणि जनकाबाईंनी ते जसंच्या तसं उतरवलं. कापूस वेचणाऱ्या बायांनी सरीत उभं राहून सांगितलं. बसस्टँडवरच्या चहावाल्यानं सामना सांगितला, निकाल उलटा सांगितला, आणि जनकाबाईंनी तो दुरुस्त करून लिहिला. दहा दिवसांत चारशे बारा नावं झाली.

मग त्या तांड्यावर गेल्या. देविदासांची पुतणी शिला जिल्ह्याच्या संघाची मुख्य चढाईपटू होती. वय एकोणीस. तिची सही सगळ्यात वर घ्यायची म्हणून जनकाबाईंनी पहिली ओळ मोकळी सोडली होती. शिला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"मावशी, मी न्हाई करत सही."

"काहून?"

"तुमाला माती आवडती. मला मॅट पायजे."

जनकाबाई तिच्यासमोर खाली बसल्या. शिला शेंगांकडं बघत बोलू लागली. मागच्या वर्षी राज्याच्या निवडीला ती गेली होती. तिथं मॅट होती आणि बूट घालून खेळायचं होतं. तोवर तिनं मॅटवर पाऊल ठेवलं नव्हतं. पहिल्याच चढाईत ती पायानं गडी टिपायला गेली आणि उभा पाय सटकला, गुडघा पिरगळला. दहा मिनिटांत ती बाहेर बसली. तिच्यासारखाच खेळ असलेल्या शहरातल्या दोन पोरी निवडल्या गेल्या.

"घरी आल्यावर मी सांगितलं, पोटात दुखत होतं. काकाला खरं सांगितलं न्हाई. त्यांना वाटतंय, मातीतला गडी कुठंबी खेळतो. तसं न्हाई, मावशी. तुमी धुळीत बसून बघता, तुमाला बरं वाटतंय. पाय माझा घसरतो."

जनकाबाईंना ते लागलं. तांड्यावरून घरी येईपर्यंत वाटभर त्या स्वतःशीच भांडत आल्या. त्यांना माती प्यारी होती, ते काही खोटं नव्हतं. पाणी शिंपडलेल्या मैदानाचा वास, पकड बसली की उठणारा धुरळा, त्यातून कोण सुटलं ते दिसेपर्यंतचा तो एक क्षण. तीस वर्षं त्या याच्यासाठीच आल्या होत्या. पण गुडघा शिलाचा होता. एवढी वर्षं खेळ बघितला आणि खेळणारीला एकदा विचारलं नाही, हे त्यांच्या मनातून हलेना.

सकाळी त्या देविदासांकडं गेल्या. शिलानं जे सांगितलं ते त्यांनी तिची परवानगी घेऊनच सांगितलं.

"मला न्हाई बोलली ती," देविदास म्हणाले.

"तुमी रागवाल म्हणून न्हाई बोलली. भाऊ, कागदावरचं वाक्य बदलावं लागंल. माती राहू द्या, याच्या जागी मॅट द्या, असं. आन् संघ बंद करू नका, ते तसंच."

"चारशे सह्या झाल्यात, आक्का. वरचं वाक्य खोडून टाका. कोण बघायला येणार हाय?"

"लोकांनी मातीसाठी सही केली. त्यांना न इचारता मॅटसाठी कशी वापरू?"

"आठ दिवस राहिलेत."

"मग आजपासून लागते."

आणि त्या लागल्या. नव्या कागदावर नवं वाक्य लिहून त्या पुन्हा त्याच सरीत, त्याच दुकानात, त्याच बाजारात गेल्या. प्रत्येकाला शिलाचं नाव न घेता सांगितलं की पोरींना मॅटची सवय नाही म्हणून त्या बाहेर जाऊन हरतात. काहींनी लगेच सही केली. काही वैतागले, परवाच तर केली, रोज उठून काय सह्या, म्हणाले. दोघातिघांनी तोंडावर सांगितलं की जनकाबाई मंडळाला फितूर झाल्या. चौथ्या दिवशी देविदासांनी फटफटी काढली आणि न बोलता त्यांना मागं बसवून औंढ्याच्या बाजूची गावं दाखवून आणली.

भिकाबाई मात्र हटल्या नाहीत. "मला मातीच पायजे. बूट घालून कसली कबड्डी? मी न्हाई बदलत."

"नका बदलू," जनकाबाई म्हणाल्या. "तुमचा कागद येगळा ठेवते. त्योबी देते त्यांना."

असे एकोणचाळीस लोक निघाले. नव्या वाक्याखाली दोनशे शहाण्णव नावं आली. बाकीचे भेटले नाहीत.

चौदा तारखेला वसमतच्या एका मंगल कार्यालयात सुनावणी होती. हळदीच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, त्यामुळं जनकाबाई आणि देविदास स्टँडवरून पायीच गेले. व्यासपीठावर मंडळाचे सचिव आणि दोन सदस्य बसले होते. एक सदस्य पूर्वी खेळलेल्या बाई होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं. आधीच्या वक्त्यांनी दूरदर्शनवरचं प्रक्षेपण, संघाचे टी-शर्ट, मोबाइलचं अ‍ॅप यांवर सूचना केल्या. मग जनकाबाईंचं नाव पुकारलं.

"आपण प्रशिक्षक आहात?" सचिवांनी विचारलं.

"न्हाई. मी बघणारी."

"तिकीट क्रमांक?"

"तिकीट आमाला कुणी दिलंच न्हाई, साहेब. दिलं असतं तर काढलं असतं." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "हे आमचे प्रेक्षक. दोनशे शहाण्णव लोकांना मॅट पायजे, एकोणचाळीस लोकांना माती पायजे. दोन्ही आणलेत. पण जिल्ह्याचा संघ बंद करू नका, हे सगळ्यांचं म्हणणं हाय. संभाजीनगरला चार दिवस निवडीसाठी कोणता बाप पोरीला एकटी धाडतो? संघ गेला की पोरी घरी बसल्या समजा."

"मावशी, भावना समजल्या," सचिव म्हणाले. "पण निर्णय आकड्यांवर असतो. तुमच्या जिल्ह्याचा महिला संघ आजवर उपांत्य फेरीतही गेलेला नाही. परिशिष्टात नोंद आहे."

"गेलाय," जनकाबाई म्हणाल्या.

सचिवांनी परिशिष्टावरून मान वर केली.

"सात वर्षांमागं, लातूरला. उपांत्य सामना दोन गुणांनी गेला. शेवटच्या मिनिटाला सगळ्या बाद होऊन आमच्यावर लोण चढला म्हणून गेला." मग त्यांनी सातही पोरींची नावं सांगितली, कोण कुठं उभी होती ते सांगितलं, आणि लोण कुणाच्या चुकीनं चढला तेही सांगितलं. "डावा कोपरा लवकर आत आला. ती माझीच लेक हाय, म्हणून ध्यानात हाय."

त्या सदस्य बाईंनी लॅपटॉप ओढून घेतला. मंडळाच्या जुन्या गुणपत्रिका तिथंच होत्या. थोडा वेळ शोधून त्यांनी स्क्रीन सचिवांकडं वळवली आणि हलक्या आवाजात काही म्हणाल्या. सचिवांनी परिशिष्टावर पेनानं खूण केली. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, पण जनकाबाईंना कुणी खाली बसवलं नाही. बाई सह्यांचे कागद चाळत होत्या, मध्येच एखादी आठवण वाचताना थांबत होत्या.

"हे आमच्याकडे राहू द्या," त्या म्हणाल्या.

"त्याच्यासाठीच आणलेत."

जानेवारीच्या शेवटी अंतिम धोरण आलं. देविदासांनी ते शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. मातीवरच्या स्पर्धांची मान्यता गेली, ती गेलीच. हिंगोलीचा संघ दोन हंगाम राहणार, मग पुन्हा विचार. तीन जिल्ह्यांत मिळून एक जुनी मॅट, पाळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवस. प्रत्येक जिल्ह्याला एक मॅट, ही मागणी नामंजूर.

"मग आपल्याला काय मिळालं, आक्का?"

"दोन वर्षं मिळाली. तेवढ्यात पोरी तयार करा. आता माईक ठेवा आन् शिकवायला लागा."

देविदासांना मॅटवरचं काही येत नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं आणि नांदेडहून दीक्षाच्या ओळखीच्या एका प्रशिक्षक बाईंना पंधरा दिवसांसाठी बोलावून आणलं. त्यांच्या हाताखाली ते स्वतः विद्यार्थ्यासारखे उभे राहायचे. मॅटचे निळे चौकोन टेम्पोतून उतरले त्या दिवशी भिकाबाई भाजीची पाटी घेऊन भिंतीशी आल्या, हे काही खरं न्हाई म्हणाल्या, आणि सराव संपेपर्यंत तिथंच बसून राहिल्या. शिला पहिल्या दिवशी तीनदा पडली. आठव्या दिवशी तिचा पाय टिकायला लागला.

मार्चमध्ये राज्य स्पर्धेला संघ सांगलीला गेला. जनकाबाईंनी शाळेतून चार दिवसांची रजा काढली आणि पोरींबरोबर बसनं गेल्या. लातूरनंतर जिल्ह्याबाहेर सामना बघायची त्यांची ही पहिलीच वेळ. हिंगोलीनं पहिला सामना जिंकला, दुसरा चार गुणांनी हरला. शिलानं त्यात अकरा गुण घेतले आणि एकदाही घसरली नाही. तिची राज्याच्या संघात निवड झाली की नाही, ते आणखी महिन्यानं कळणार होतं.

परतीच्या बसमध्ये पोरी आधी रडल्या, मग शेंगदाणे खाल्ले, मग हरल्याचं कारण शोधत बसल्या. उजव्या बाजूच्या दोघींची, हात धरून करायची साखळी वेळेवर जुळली नाही, असं शिलाचं म्हणणं होतं. पुढच्या सीटवरून जनकाबाई मागं वळल्या.

"साखळी जुळली होती. तुमी हात सोडला," त्या म्हणाल्या. "कोणी सोडला, ते सांगते. उठा, बसच्या मधी उभ्या ऱ्हा दोघी."

दोघी पोरी सीटची दांडी धरत उठल्या आणि जनकाबाईंनी त्यांचे हात एकमेकींच्या मनगटावर नीट बसवून दाखवले.