काळ्या चिकटपट्टीखाली

दाजींचा फोन आला तेव्हा धाकटी ब्रेडच्या कारखान्यात एका भट्टीच्या पोटात अर्धी शिरलेली होती. भट्ट्यांची दुरुस्ती हेच तिचं काम. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एरवी चुकूनही फोन न करणारा हा माणूस त्या दिवशी अगदी मधाळ आवाजात म्हणाला, "तुझ्या ताईचं डोकं काही ठिकाणावर नाही गं. ओव्हनमध्ये काहीतरी ठेवते आणि विसरून जाते. परवा सगळं घर धुराने भरलं होतं. एकदा येऊन बघून जा. नंतर म्हणशील, सांगितलं नाही."

ताई आणि विसरणार? शेजारच्या खोलीत बसून नुसत्या वासावरून "झाला बघ केक, काढ बाहेर" असं सांगणारी बाई ती. धाकटीने रजा टाकली, सवयीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि थेट ताईचं घर गाठलं.

दार ताईनेच उघडलं. पण आधी मागे वळून नवऱ्याकडे बघितलं, जणू दार उघडायचीही परवानगी हवी होती. वाळली होती. बोलताना मध्येच थांबायची आणि विचारायची, "आज मंगळवारच ना हो?" मंगळवारच होता. दाजी मात्र धाकटीकडे बघून भुवया उडवायचे. बघितलंस? म्हटलं नव्हतं मी?

ते चहात पाव बुडवून खात होते. बुडवलेला लगदा तोंडात जायचा, थोडा हनुवटीवर यायचा आणि त्याच तोंडाने ताईच्या आजाराचं वर्णन चालायचं. ताई समोर बसलेली असताना. "हिला काही कळत नाही आता. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. पुढच्या तपासण्या व्हायच्यात. तोवर मी ओव्हनची बटणंच काढून ठेवलीत." असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून दोन बटणं काढून टेबलावर टाकली. घामाने ओलसर, तंबाखूचा भुगा चिकटलेली. धाकटीने ती रुमालात धरून उचलली.

"ताई, माझ्यासाठी केक कर," ती म्हणाली.

"नको गं. करपवीन मी."

"मी बसते ना तुझ्या शेजारी."

ताईने घाबरत घाबरत पीठ कालवलं. हात मात्र काही विसरले नव्हते. वाटीने मोजलंसुद्धा नाही तिने. बटणं धाकटीने बसवली, आच धाकटीने लावली आणि दोघी बहिणी दोन खुर्च्या ओढून ओव्हनसमोर बसल्या, गप्पा मारत, जागेवरून न हलता. केक अर्ध्यावर आला असेल नसेल तोच जळका वास सुटला. दार उघडलं तर वरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ.

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघ. परत विसरले मी."

"काय विसरलीस? तू इथून उठलीसुद्धा नाहीस. बटण मी फिरवलं. विसरले असेन तर मी विसरले."

ताईने डोळे पुसले.

धाकटीने पिशवीतून आपला तापमापक काढला आणि आतल्या जाळीवर ठेवून दार लावलं. बटण एकशे ऐंशीवर होतं. थोड्या वेळाने तापमापकाचा काटा अडीचशेच्याही पुढे गेलेला. दुपारी तीच परीक्षा पुन्हा घेतली तर आकडा बरोबर आला. म्हणजे हा ओव्हन कधी शहाण्यासारखा वागत होता, कधी वेड्यासारखा. आणि वेड लागल्याचा शिक्का बसला होता ताईच्या कपाळावर.

ओव्हन गार झाल्यावर तिने प्लग काढला आणि कोपऱ्यातून तो पुढे ओढला. त्याबरोबर मागून असा एक भपकारा आला की ती उलट्या पावली सिंकपाशी जाऊन उभी राहिली. कारखान्यात तिने जळलेलं तूप खरवडलं होतं, कुजलेलं खमीर उपसलं होतं. पण हे काही वेगळंच होतं. भिंतीवर तेलाचे ओघळ वाळून काळे झाले होते आणि त्यांत झुरळांचे पंख चिकटले होते. ओव्हनच्या पाठीचा पत्रा एका बाजूने सुटून वाकला होता. तो काढला तर आतला, उष्णता अडवणारा पांढरा लोकरीसारखा थर कुरतडून उंदरांनी मस्त गादी केलेली. गादीवर लेंड्यांचा सडा. मध्ये एक वाळून चपटं झालेलं पिल्लू, शेपटीसकट. सगळा थर मुताने पिवळा आणि चिकट झालेला. हातमोजे असूनही धाकटीची बोटं आखडली. तोंडावर फडकं बांधून, श्वास रोखून, शिव्या पुटपुटत तिने ते सगळं पिशवीत भरलं. याच्याच पुढ्यात घरातलं अन्न शिजत होतं, या विचाराने तिला पुन्हा उमळून आलं.

त्या घाणीखाली तिला हवं होतं ते सापडलं. ओव्हनच्या आत मागच्या भिंतीतून पेन्सिलीएवढी एक धातूची कांडी डोकावते, तो सेन्सर. आत किती तापलंय ते ही कांडी सांगते आणि त्यावरून ओव्हन आच कमीजास्त करतो. कांडीच्या दोन तारा मागे याच गादीतून गेल्या होत्या. त्यांचं वेष्टण उंदरांनी सोलून खाल्लं होतं आणि उघड्या तारा त्या ओल्या, खारट लगद्यात रुतल्या होत्या.

तिने मीटर लावून बघितलं. गार असताना अकराशे ओहमच्या आसपास आकडा हवा, तो आठशेवर येऊन लटलटत होता. तारा पुसून कोरड्या केल्या तसा आकडा वर चढला.

"ये इकडे, ताई. लांबूनच बघ. या दोन तारा ओल्या झाल्या की एकमेकींत कुजबुजतात. मग ओव्हनला वाटतं, आत अजून गारच आहे. तो तापवत सुटतो. लगदा सुकला की सगळं सुरळीत. उंदीर पुन्हा मुतला की पुन्हा बोंब."

"म्हणजे मी..."

"तू काही नाही. उंदीर."

ताई पदराने नाक दाबून त्या तारांवर वाकली.

धाकटीला मात्र एक गोष्ट सलत होती. असा बिघाड झाला की ओव्हन गप्प बसत नाही. घड्याळाच्या जागी खुणेचा आकडा दाखवतो, वाजतो. मग हा का नाही बोलला? तिने पुढून नीट पाहिलं. घड्याळाच्या काचेवर काळी चिकटपट्टी होती. कडा मळून काचेशी एकजीव झालेल्या, म्हणून इतका वेळ लक्षात आली नव्हती. तिने नखाने ती सोलली, सेन्सरच्या तारा सुट्या ठेवल्या आणि प्लग लावला. क्षणात लाल अक्षरं लुकलुकली आणि ओव्हन टुंटुंटुं ओरडू लागला.

बाहेरच्या खोलीतून दाजी उठून आले. दोघींकडे न बघता, पसाऱ्याकडे न बघता, सरळ भिंतीपाशी गेले, सवयीच्या हाताने प्लग उपटला, मोजून दोन श्वास थांबले आणि परत लावायला गेले.

"हां, असं करायचं," ते म्हणाले. "मधूनमधून ओरडतो तो. केव्हापासूनचं आहे."

धाकटीने सोललेली पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"हे वाजायचं?" ताई म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं, पहाटे काय वाजतं म्हणून. तुम्ही म्हणालात, तुझ्या कानात वाजतं."

"अगं, उगाच तुझ्या डोक्याला ताप कशाला, म्हणून लावली ती पट्टी! मेकॅनिक बोलवा, ओव्हन सरकवा, मागचं सगळं बघत बसा..."

"मागचं तुम्हाला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"वास यायचा थोडा. जुन्या घरात उंदीर असणारच."

"डॉक्टरांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं," ताई सावकाश म्हणाली. "माझा हात इतका कापत होता की काटे जमेनात. तुम्ही शेजारी बसून मान हलवत होतात."

"मला काय ठाऊक या दोन गोष्टींचा संबंध असेल म्हणून!" दाजी म्हणाले. खरं वाटत होतं त्यांचं. तेच धाकटीला सगळ्यात ओंगळ वाटलं. डाव रचला असता तर त्यात निदान ताईचा विचार तरी झाला असता. इथे नुसता आळस होता. कूस बदलायचाही कंटाळा करणारा, मऊ, उबदार, बुरसटलेला आळस, आणि त्यात या माणसाने बायकोला घालून ठेवलं होतं.

धाकटीने बाजारातून नवा सेन्सर आणला. जुनी कांडी काढली, नवी बसवली, तारा उंदराचं तोंड पोचणार नाही अशा उंचावरून नेल्या, पत्रा घट्ट आवळला, भोकं बुजवली. तापमापकाचा काटा आता बटणाशी इमान राखून होता. भिंत मात्र तिने धुतली नाही. ताईने बादली, घासणी आणि साबण दाजींच्या पायाशी ठेवला.

"मी?" ते म्हणाले.

"मग काय उंदरांना सांगू?" ताई म्हणाली.

त्यांनी घासली. दोनदा ओकारी आली, दोनदा बाहेर जाऊन आले. ताई खुर्चीत बसून बोटाने दाखवत होती, "तिथे राहिलंय."

संध्याकाळी धाकटी निघाली तेव्हा ताई फाटकापर्यंत आली.

"चल माझ्याकडे. थोडे दिवस तरी."

"नको. घर माझं आहे, मी कशाला जाऊ?" ताई जरा थांबली. "राग आला असता ना, तर भांडले असते आणि विसरले असते. राग नाही गं आलेला. किळस आलीये. चहात पाव बुडवताना बघवत नाही मला."

"मग?"

"मग काय? माझं अंथरूण पलीकडच्या खोलीत टाकलंय. आणि उद्या डॉक्टरांकडे एकटी जाणार आहे. म्हणावं, घ्या परत परीक्षा."

दुसऱ्या दिवशी धाकटी भर कामात असताना फोन आला. ताई दवाखान्याच्या पायऱ्यांवरून बोलत होती, धापा टाकत, हसत. काटे बरोबर आले होते. घड्याळात तिने डॉक्टरांनी सांगितले तसे सव्वाचार वाजवले होते.