फक्कीची नदी

नायब सुभेदार नाथाजी माने सकाळपासून कृष्णेच्या काठानं एकटाच चालत होता. हातात लांब बांबू. थोडं चालायचं, बांबू पाण्यात घालायचा, तळ लागला की पुढं सरकायचं. वाळव्याच्या वरच्या अंगाला नदी वळण घेते, तिथं बांबू पुरता बुडाला तरी तळ लागेना. नाथाजी थांबला. पलीकडं ऊस उभा होता, अलीकडं एक वाकडं चिंचेचं झाड. जागा त्याच्या मनात भरली.

शहात्तर सालचा हिवाळा होता. पलटण सरावासाठी नदीकाठी उतरली होती. कॅप्टनसाहेबांनी कंपनीतल्या प्रत्येक प्लाटूनची परीक्षा घ्यायची ठरवलं होतं आणि तिसऱ्या प्लाटूनची परीक्षा आखायचं काम नाथाजीवर सोपवलं होतं. जवानांना कोणतं काम द्यायचं, कुठं द्यायचं, मध्ये अडचणी कुठल्या घालायच्या आणि शेवटी तयार कोण अन् कच्चा कोण, हे सगळं आता त्याच्या हातात होतं. तिसऱ्या प्लाटूनला सध्या अधिकारी नव्हता. हवालदार लालासाहेब देसाई ती सांभाळत होता. परीक्षा नीट पार पडली तर लालासाहेब नायब सुभेदार होणार, नाहीतर पेन्शन घेऊन आटपाडीकडच्या आपल्या गावी जाणार.

काम हाती आलं तेव्हा नाथाजी फक्त "जी साहेब" म्हणाला. पण लालासाहेब आपल्या हाती कधी सापडतो, याची तो एकाहत्तर सालापासून वाट पाहत होता.

एकाहत्तरला लढाई तोंडावर आली होती. लालासाहेब तेव्हा प्लाटून हवालदार होता आणि नाथाजी त्याच्या हाताखाली साधा नायक. पुढच्या मुलखात नद्यानाले फार, म्हणून छावणीमागच्या तळ्यात सामानासकट उतरून सराव करा, असा हुकूम आला होता. नेमकी त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांची पाहणी होती. कपडे भिजतील, हत्यारं गंजतील, रांगेत उभी राहिलेली पोरं चिखलानं माखलेली दिसतील, म्हणून लालासाहेबानं मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा ओढल्या. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत नदी. जवान दोराला धरून कोरड्या भुईवरनं पळाले आणि प्लाटून पाणी ओलांडायला तयार आहे, असं वर कळवलं गेलं. दुष्काळी भागातल्या पोरांचं काय करायचं, असं नाथाजीनं विचारलं होतं. लालासाहेब हसला होता.

"पानी काय वाघ हाय व्हय खायाला?"

त्याच प्लाटूनमधला शिपाई कृष्णात जतचा. त्याच्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं पोहणार कुठं? नाथाजीची धाकटी बहीण अंजना त्याला दिलेली. बंगालातल्या एका नाल्यात, पाठीवर मशीनगन घेऊन, दोराला धरून तो उतरला. नाथाजी आधीच पलीकडं पोचून चिखलात पालथा पडला होता, डोक्यावरनं गोळ्या जात होत्या. वळून पाहिलं तर दोर तेवढा ताणलेला होता. कृष्णात नव्हता. गावाकडं कळलं ते वीरमरण. खरं काय झालं ते अंजनाला नाथाजीनंच सांगितलं, आणि त्या दिवसापासून दोघा भावंडांच्या पोटात एकच निखारा होता.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी नाथाजी रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी जाऊन आला. अंजना सोप्यात शेंगा फोडत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. लालासाहेबाला आता नापास करतो, कायमचा घरी बसवतो, म्हणाला. ती शेंगा फोडतच राहिली.

"नापास करून काय हुतंय, दादा? पेन्शन खाईल अन् पारावर बसून लढाईच्या गप्पा हाणंल. त्याला पान्यात उतरीव. त्यास्नी बुडताना कसं वाटलं आसंल, त्ये एकदा कळू दे त्याला."

लालासाहेबाला पोहता येत नाही, हे नाथाजीला पक्कं ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर एसटीत बसल्या बसल्या त्यानं सगळं मनाशी जुळवलं. प्लाटूनला नदीपलीकडं दोर न्यायचं काम द्यायचं. लालासाहेब दोर देणार तो नायक इमाम मुलाणीकडं, कारण इमाम विहिरीत सूर मारत वाढलेला. पण लढाईत पुढचा गडी पडला तर मागचा काय करतो, हे पाहण्यासाठी परीक्षकाला कुणालाही मेलेला ठरवता येतं. इमामला मारायचं. पोहणारे आणखी दोघं होते, त्यांनाही मारायचं. मग दोर घेऊन उतरायला राहतो कोण? दुसऱ्या दिवशी बांबूनं खोल जागा शोधली, ती याचसाठी.

एकच गोष्ट आड येत होती. कुणी बुडालं तर काढायला वळणाशी पोहणाऱ्यांसकट एक काहील उभी करा, असं कॅप्टनसाहेबांनी बजावलं होतं. इकडं गुऱ्हाळात उसाचा रस आटवायच्या मोठ्या काहिलीत बसून माणसं नदी ओलांडतात, तशीच एक गावातनं मागून आणली होती. नाथाजीनं ती वळणाच्या खाली, उथळ उताराला नेऊन लावली. तिथून डोह दिसत नव्हता. साहेबांनी विचारलं तेव्हा काहील तयार आहे, एवढंच त्यानं सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. कॅप्टनसाहेब पलीकडं उसाच्या कडेला उभे होते. अलीकडं चिंचेखाली लालासाहेबानं जवानांना काम समजावून दिलं. त्याचं सांगणं चोख होतं, आवाज खणखणीत. नाथाजी दंडाला परीक्षकाची पांढरी पट्टी बांधून बाजूला उभा होता. इमामनं कमरेला दोर बांधला आणि दोन पावलं टाकली, तोच नाथाजी म्हणाला, "इमाम, तू मेलास. आडवा हो."

इमाम मुकाट्यानं दोर सोडून वाळूत आडवा झाला. दुसरा पुढं आला, तो मेला. तिसराही मेला. मग काठावर कुणी हलेना. उरलेली पोरं जत, आटपाडी, माणची, पोहता न येणारी. सगळ्यांची नजर लालासाहेबाकडं वळली.

लालासाहेबानं नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीनं डोळे हलवले नाहीत. त्या नजरेत काय होतं ते लालासाहेबाला उमगलं असावं, कारण त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. मला पोहता येत नाही, असं तो म्हणाला असता तर तिथंच सगळं थांबलं असतं. पण समोर त्याची सगळी प्लाटून उभी होती आणि पलीकडं कॅप्टनसाहेब. त्यानं दोर कमरेला गुंडाळला आणि तो पाण्यात उतरला. गुडघा, कंबर, छाती. पुढच्या पावलाला खाली काहीच नव्हतं.

तो एकदा वर आला. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. दोर कमरेवरनं सुटून वाहत गेला. नाथाजी काठावर उभा राहून पाहत होता. आत काहीतरी थंड, गोड पसरत गेलं. कृष्णात असाच वर आला असेल, असाच बघत राहिला असेल. आता बघ म्हणावं.

तेवढ्यात वाळूतला इमाम ताडकन उठला.

"पडून ऱ्हा," नाथाजी ओरडला, "तू मेलायस."

इमामनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. धावतच त्यानं सूर मारला. लालासाहेबाची मान मागनं धरून, त्याच्या झटापटीत स्वतः दोनदा बुडून, त्यानं त्याला काठाला ओढलं. जवानांनी दोघांना वर घेतलं. लालासाहेब पालथा पडून पाणी ओकत होता. नाथाजी जागचा हलला नव्हता. आपल्याच तोंडचे शब्द त्याच्या कानात घुमत होते.

कॅप्टनसाहेब काहिलीत बसून अलीकडं आले. काहील कुठं होती, ते त्यांनी पाहिलं होतं. नाथाजीला झाडामागं नेऊन त्यांनी विचारलं, की हे चुकून झालं का? नाथाजी खोटं बोलला नाही. कृष्णातचं, फक्कीच्या रेघांचं, सगळं त्यानं सांगितलं आणि वर म्हणाला, की काहील आपण मुद्दामच लांब ठेवली. साहेब म्हणाले, की त्यानं तेव्हा वर खोटं कळवलं आणि तूही आज मला खोटंच कळवलंस. तुझी शिक्षा मी ठरवीन. पण आधी ही प्लाटून तू पाण्याला तयार करायचीस. लालासाहेबासकट. एकही माणूस कच्चा राहिला तर जबाबदार तू.

दुसऱ्या दिवसापासून नाथाजी कामाला लागला. काम त्याला येत होतं, मनात कितीही विष असलं तरी. शेवटी सगळ्यांनी हत्यारासकट डोह ओलांडायचा, हे आधी पक्कं केलं आणि तिथून उलटं मागं येत त्यानं पायऱ्या आखल्या. आधी उथळ पाण्यात नुसतं तोंड बुडवायचं. मग पाठीला पांगिऱ्याचे हलके ओंडके आणि रिकामे डबे बांधून हातपाय मारायचे. मग डब्यांशिवाय. मग कपड्यांसकट. मग सामान ताडपत्रीत बांधून त्याचा तराफा पुढं ढकलत. एक पायरी जमली नाही तर पुढची नाही. रोज दुपारी काठावर बसून प्रत्येकानं आपलं काय चुकलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. काहील दोन हातांवर उभी, आणि तिच्यात इमाम.

लालासाहेब सगळ्यांत मागं होता. पाणी दिसलं की त्याचे दात वाजत. नाथाजी त्याला दुसऱ्या कुणाच्या हवाली करेना. स्वतः छातीभर पाण्यात उभा राहून त्याच्या पाठीखाली तळहात धरी आणि अंग सैल सोड म्हणे. एकदा असाच त्याच्या हातावर उताणा पडलेला असताना, आभाळाकडं बघत लालासाहेब हळूच म्हणाला, "काढ हात, नाथा. हून जाऊ दे तुझ्या मनासारखं."

"न्हाई काढत."

"का?"

"तुमी अजून शिकला न्हाईसा."

आठवड्याभरानं एका सकाळी लालासाहेब आपसूक तरंगला. नाथाजीनं हात खाली घेतला होता, ते त्याला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा तो घाबरला नाही. चार हात मारून काठाला लागला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसला. जवानही हसले. नाथाजी त्याच्यामागनं काठावर आला, शेजारी बसला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.

"आठवड्यात आलं तुमास्नी. या वयात. कृष्णातला बी तेवढंच पुरलं आसतं."

लालासाहेबाचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि मग हळूहळू विझलं. तो उठला नाही. ओल्या कपड्यांनी तिथंच बसून राहिला, जेवणाची शिट्टी झाली तरी. नाथाजीनं त्याच्याकडं एकवार पाहिलं. डोहात तो बुडत असताना वाटलं नव्हतं, तेवढं समाधान आत्ता त्याला वाटलं. त्याची त्याला लाज वाटली नाही.

परीक्षा पुन्हा झाली. नाथाजीनं या वेळी कुणाला मारलं नाही. इमामनं दोर नेला, तराफे मागोमाग निघाले आणि जत-माणची पोरं एकेक करून उसाच्या बाजूला चढली. सगळ्यांत शेवटी लालासाहेब आला, दोराला न धरता. कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांना बसवलं आणि नाथाजीला निकाल विचारला. प्लाटून तयार आहे, असं त्यानं सांगितलं. आणि हवालदार?

नाथाजी उभा राहिला. "साहेब, गडी धाडसी हाय. हुकूम चोख देतो. पर ह्यो पोरांना पाहनीसाठी तयार करतो, लढाईसाठी न्हाई. ह्येच्या हाती प्लाटून देऊ नगा."

साहेबांनी लालासाहेबाला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? लालासाहेब पायांकडं बघत होता. नाही म्हणाला. त्या महिन्याअखेर तो पेन्शनीवर गेला. नाथाजीच्या बढतीवर साहेबांनी लाल शेरा मारला, तो त्याला शेवटपर्यंत नडला. त्याबद्दल त्यानं कधी कुणापाशी तक्रार केली नाही.

निघायच्या दिवशी लालासाहेब पेटी घेऊन त्याच्या तंबूपाशी आला होता. आत आला नाही.

"फिटलं का, नाथा?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

लालासाहेबानं मान हलवली, पेटी उचलली आणि रस्त्याला लागला.

सुट्टीत गावी गेला तेव्हा नाथाजीनं अंजनाला सगळं सांगितलं. बुडताना लालासाहेबाचं तोंड कसं झालं होतं, तेही सांगितलं. ते तिनं ऐकून घेतलं. पण पोहायला शिकवल्याचं सांगितलं तेव्हा ती उठून चुलीपाशी गेली आणि पाठ फिरवून बसली. नाथाजीला वाटलं, आता ही आपल्याशी बोलायची नाही. मग तिनं विचारलं, पाण्यात उडी घेतली तो पोरगा कुठला?

"हितलाच. रहिमतपूरचा. मुलाण्याचा इमाम."

"घेऊन ये एकदा त्याला जेवाय. त्यानं उडी घेतली म्हनून तू खुनी झाला न्हाईस."

तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्याला वाटलं, ही आता रडेल. पण तिचे डोळे कोरडे होते.

"तू त्या हवालदाराला माफ केलंस?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मी बी न्हाई," अंजना म्हणाली आणि कालवण वाढायला वाकली.