टिकलीच्या कानाशी

मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा एक जुना पट्टा आहे, पण साधासुधा नाही. माझ्यावर काडेपेटीएवढा भोंगा बसवलेला आहे. कुत्रं झाडीत दिसेनासं झालं, की मी थोड्या थोड्या वेळाने 'पीप' करतो. पक्ष्याचा वास लागून ते जागीच थबकलं, की मी भरभर वाजू लागतो. मग शिकारी माझ्या आवाजाच्या रोखाने येतात.

मला इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या कमलाकररावांनी विकत घेतलं. यंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्यांची पॉइंटर जातीची कुत्री टिकली, पांढरीशुभ्र, कपाळावर तपकिरी ठिपका. हिवाळ्यातल्या शनिवारी ते मित्रांबरोबर तिला वेल्समधल्या रानात शिकारीला न्यायचे. धुकं असो, काटेरी जाळी असो, टिकली कुठे आहे ते मी अचूक सांगायचो. सगळे माझं कौतुक करायचे आणि मी फुलून जायचो.

आवाज कमी ठेवा, भोंगा कानापासून दूर बांधा, असं माझ्या खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं. तो कुणी वाचला नाही. कमलाकररावांना स्वतःलाच कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी माझा आवाज पूर्ण वाढवला आणि भोंगा वरच्या बाजूला, टिकलीच्या कानाशी ठेवला. सुरुवातीला ती सारखी मान झटकायची. नंतर तिने ते सोडून दिलं. मला वाटलं, झाली माझी सवय!

अशी पाच वर्षं गेली. मग टिकली शिट्टीला थांबेनाशी झाली. गेल्या जानेवारीत एका पक्ष्यामागे ती थेट रस्त्यावर धावली. कमलाकरराव जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होते. एक व्हॅन करकचून ब्रेक लावत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. घाबरलेल्या कमलाकररावांनी तिला साखळीनेच मारलं. तो फटका माझ्यावरही बसला.

घरी आल्यावर ते मुलीला, ऋजुताला म्हणाले, "ही आता अजिबात ऐकत नाही. देऊन टाकतो कुणाला तरी."

टिकलीची पाठ होती, तेव्हा ऋजुताने स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. टिकलीने मान वळवली नाही.

"बाबा, ती ऐकत नाही असं नाहीये," ऋजुता हळूच म्हणाली. "तिला ऐकूच नाही येत."

डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान जवळजवळ गेले होते. वयामुळे की माझ्यामुळे, ते ठामपणे सांगता येणार नाही, पण एवढा आवाज कानाशी नकोच होता, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी कमलाकररावांनी मला स्वतःच्या कानाला लावलं आणि बटण दाबलं. मी वाजलो. ते दचकले, पण त्यांनी मला लगेच खाली ठेवलं नाही. पाच-सहा वेळा मला वाजू दिलं. मग ते जमिनीवर टिकलीशेजारी बसले.

"मी तुला मारलं गं," ते म्हणाले. तिला ते ऐकू आलं नाही. ती त्यांचा हात चाटत राहिली.

आता ते तिला हाताच्या खुणा शिकवतात आणि दोरी बांधूनच फिरवतात. मी कपाटात पडून असतो. मित्रांनो, कुणी तुमचं ऐकत नसेल, तर रागावण्याआधी जरा जवळ जाऊन बघा. मी तर पाच वर्षं तिच्या गळ्यातच होतो, तरी मला कळलं नाही.