एका गुणाचं अंतर

"पहिल्या नंबरावर कोण, मिस्टर केट्स?"

त्रेचाळीस वर्षं झाली, तरी तो आवाज डेलमार केट्सच्या कानातून गेला नव्हता. न्यूयॉर्कहून वृत्तसंस्थेची बाई फोनवर होती. घसा सर्दीनं बसलेला, बोलणं घाईचं. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी देशभरातले साठ पत्रकार, त्यांत गावच्या पेपरातला डेलमारही, तिला आपापली यादी सांगायचे, वरच्या नंबराला एकेक गुण जास्त, आणि त्या गुणांच्या बेरजेवर कॉलेज फुटबॉलचा त्या सालचा विजेता ठरायचा. त्या सालात दोन संघ एकही सामना न हरता उरले होते, आणि ते दोघे एकमेकांसमोर कधी आलेच नव्हते. एक टेक्सासचा. दुसरा डेलमारच्या गावचा, अलाबामातल्या टॅलो क्रीक कॉलेजचा. स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती, नॅडीन ओट्याला टेकून ऐकत होती. डेलमारनं पहिलं नाव टेक्सासचं सांगितलं. आपलं दुसरं.

संध्याकाळी निकाल आला. टॅलो क्रीक एका गुणानं मागे राहिलं.

कुणाचं मत काय, ते त्या काळी छापून येत नसे. गावानं डेलमारला विचारलंही नाही. घरच्या माणसाला असलं कोण विचारतं? रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, "तू तरी आमच्यासाठी उभा राहिलास," म्हणाले. पहिल्या दिवशी त्याला बोलवेना. दुसऱ्या दिवशी उशीर झाला होता. मग वर्षांवर वर्षं चढत गेली, जशी ओसाड कुंपणावर वेल चढते, आणि खाली कुंपण होतं हेही दिसेनासं झालं. खरं एकट्या नॅडीनला ठाऊक होतं. तिला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या गुपितालाही घरात सोबत उरली नव्हती.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, डेलमार उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन व्हर्जिल ओडमच्या गॅरेजात गेला. व्हर्जिल त्या सालच्या संघात होता, चेंडूवाल्याच्या पुढे भिंत होऊन उभा राहणाऱ्यांतला. त्याच्या गुडघ्यांनी त्या हंगामाची किंमत अजून चुकती केली नव्हती. गॅरेजात टीव्हीसमोर सात खुर्च्या मांडलेल्या. पूर्वी सातही भरायच्या. आता पाच रिकाम्याच असायच्या, पण व्हर्जिल त्या दर रविवारी पुसून ठेवायचा.

"आलास, पेपरवाल्या. बस. आज आपलं नाव येणार."

"येईल की नाही सांगता येत नाही."

"अकरा जिंकले, एक हरले. अजून काय पाहिजे त्यांना, आईची चिठ्ठी?"

टीव्हीवर निवड समितीनं यंदा विजेतेपदासाठी खेळणाऱ्या बारा संघांची नावं एकेक करून सांगितली. टॅलो क्रीक तेरावं निघालं. व्हर्जिलनं शेंग तोंडात धरली ती तशीच राहिली.

"तेरावे," तो म्हणाला. "पाहुण्यांना बाराच ताटं, आणि आपण दारात."

"आपण हरलो तो सामना बघितलास ना? शेवटच्या पावतासात पोरं चालत होती, धावत नव्हती."

"आणि तीन हरलेला तो बारावा? तो काय नाचत होता?"

"त्याचे सामने अवघड होते, व्हर्ज. कोणाशी खेळलास तेही बघावं लागतं. जे समोरासमोर आलेच नाहीत, त्यांच्यातलं कुणीतरी बसून ठरवायलाच हवं."

"मग खेळवा ना त्यांना! हॉटेलात बसून, गार चहा पीत कसलं ठरवणं? ब्याऐंशी साली हेच झालं. बोस्टनात बसलेल्या कुणा मासेखाऊनं आपल्याला एकदाही न बघता दुसऱ्या नंबरावर टाकलं." त्यानं गुडघा चोळला. "मी रात्रंदिवस त्या माणसाचा चेहरा बनवतो रे. कधी मिशीचा, कधी टकला. जमत मात्र नाही."

डेलमारनं शेंगेचं साल बोटांनी चिरडलं. व्हर्जिल शोधत होता तो माणूस टॅलो क्रीकचा एकही सामना चुकवत नव्हता. पावसात, चिखलात, मैदानाच्या कडेला, ओल्या वहीवर लिहीत उभा असायचा.

व्हर्जिल उठला, कपाटातून जुन्या पिवळ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन आणून डेलमारच्या मांडीवर ठेवलं.

"लिही."

"काय?"

"गावच्या पेपरात. तुझं नाव घालून. दोन्ही वेळचं लिही, तेव्हाचं आणि आजचं. सुरुवात अशी कर, मी साठांतला एक होतो आणि मी टॅलो क्रीकला पहिलं मत दिलं. तू दिलंस म्हणूनच लोक ऐकतील. बाकीचे पाचही गेले, डेलमार. माझ्या बाजूनं सांगायला तूच उरलास."

पेनाचं टोपण काढलेलं होतं. डेलमारनं आयुष्यात पुष्कळ गोष्टी लिहायच्या टाळल्या होत्या, पण खोटी ओळ एकही लिहिली नव्हती. गप्प राहणं वेगळं, हे त्यानं स्वतःला इतकी वर्षं समजावलं होतं. आता कागदच पुढ्यात आला होता.

त्यानं घराचा विचार केला. सोमवार ते शनिवार तिथं त्याच्याशी कोणी बोलत नसे. फ्रिजचा आवाज तेवढा ओळखीचा. आठवड्याचं सगळं बोलणं तो या गॅरेजसाठी साठवून आणायचा, कावड भरून आणावी तसं, आणि हे दार लागलं तर ते ओतायचं कुठं? व्हर्जिल चिडला तर बरंच, पण तो चिडायचा नाही. तो नुसता टीव्हीकडं तोंड फिरवून बसेल, आणि पुढच्या रविवारी खुर्च्या सहाच पुसेल.

"काय झालं? शाई नाही?"

"शाई आहे."

"मग?"

व्हर्जिल वाट बघत होता, भरवशानं, थकल्या बैलासारखा, मान किंचित पुढं. त्रेचाळीस वर्षं त्यानं हा भरवसा एकदाही तपासून पाहिला नव्हता. डेलमारनं पेनाचं टोपण लावलं आणि गठ्ठा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"व्हर्ज, टेक्सासचा सामना मी स्वतः जाऊन बघून आलो होतो. तुम्ही चांगले होतात. ते जास्त चांगले होते." त्यानं व्हर्जिलकडं सरळ बघितलं. "मी त्यांना पहिलं मत दिलं. तुम्हाला दुसरं."